रेडिओवरचे बाबासाहेब आणि 'उसन्या' मूल्यांची अफवा

स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे बाबासाहेबांनी फ्रेंच राज्यक्रांतीतून उचलली, असे आजही अनेक विद्वान बिनदिक्कत सांगतात. आपलेही काही वक्ते तेच बोलतात. याचे उत्तर खुद्द बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी ऑल इंडिया रेडिओवरून देऊन ठेवले आहे.

काळ लक्षात घ्या. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्यात काँग्रेसने त्यांचा पराभव केला. रेडिओ पूर्णपणे सरकारी. खाते बा. वि. केसकरांकडे. या मंत्रिमहोदयांना सिनेसंगीत हलके वाटे. त्यांच्या काळात ते रेडिओवरून जवळपास हद्दपार झाले. लोकांनी सरळ काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला! शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. जनतेने काय ऐकावे हे वरच्यांनी ठरवायचे, ही खोड आपल्या ओळखीची आहे.

अशा रेडिओवरून बाबासाहेबांनी काय सांगितले? त्रिगुणांवर उभे असलेले गीतेतले समाजतत्त्वज्ञान आपण नाकारतो, कारण त्यानेच जातिव्यवस्था आणि श्रेणीबद्ध विषमता हा समाजजीवनाचा कायदा बनवला. आपले तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावते. पण ते फ्रान्सकडून घेतलेले नाही. त्याची मुळे राज्यशास्त्रात नसून धर्मात आहेत, आणि ते आपण आपले गुरू बुद्ध यांच्याकडून घेतले. पुढचा मुद्दा तर त्याहून महत्त्वाचा: अमर्याद स्वातंत्र्य समतेला मारते, निखळ समता स्वातंत्र्याला जागा ठेवत नाही, आणि कायदा या दोघांची पुरती हमी देऊ शकत नाही. खरे संरक्षण फक्त बंधुतेचे. धम्मदीक्षेला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता, पण दिशा उघड सांगून झाली होती.

हे ऐकले किती जणांनी? १९४७ मध्ये देशात सहा केंद्रे आणि सुमारे पावणेतीन लाख रेडिओ संच होते. पुढे संख्या वाढली, तरी संच महाग आणि वर परवान्याची फी. गावाचा सामुदायिक रेडिओ चावडीत ठेवला, तर त्या चावडीच्या ओट्यावर महारवाड्यातला माणूस बसू शकत होता का? रेडिओच्या इतिहासात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आपले प्रसारण तेव्हा जलशांतून चालत होते. डफ आणि ढोलकीला सरकारी परवाना लागत नव्हता.