संप्लवन आणि अजिंठ्याचे रोगण

शुष्क बर्फाचा तुकडा काचेच्या बशीत ठेवून तोलीत राहिल्यास त्याचे वजन सतत घटत जाते. पण तो वितळून द्रव झाल्याचे कोठेही आढळत नाही. भोवती दिसणारे पांढरे धुके हवेतील बाष्प थंडीने सांद्रित झाल्यामुळे उत्पन्न होते. कार्बन डाय-ऑक्साइड वायू स्वतः अदृश्यच असतो. उणे ७८.५ अंश सेल्सिअस तापमानाचा हा घन पदार्थ थेट वायुरूप होतो. या क्रियेस संप्लवन म्हणतात. फ्रेंच संशोधक थिलोरिये यांनी १८३५ मध्ये या घनाचे वर्णन प्रसिद्ध केले. पदार्थ निघून जातो आणि मागे काहीही उरत नाही, हे या प्रयोगाचे मर्म होय. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या जतनाचा इतिहास पाहता या मर्माचे महत्त्व विशेष जाणवते.

१८१९ मध्ये ही लेणी युरोपियनांच्या दृष्टीस पडली. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या साह्याने केलेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ च्या आगीत जळाल्या. अशा स्थितीत मूळ चित्रे टिकविणे अगत्याचे ठरले. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून दुरुस्ती करविली. सुटू लागलेला रंग धरून ठेवण्यासाठी चपडी लाखेचा लेप देण्यात आला.

या रोगणातील मद्यार्क बाष्पीभवनाने उडून जातो, लाख मात्र भिंतीवरच राहते. कालांतराने ती पिवळसर व काळपट होते, तिची विद्राव्यता घटते आणि तिच्यात धूळ व काजळी अडकते. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर न काढता मातीच्या गिलाव्यावरील पातळ पांढऱ्या थरावर डिंक किंवा सरसयुक्त रंगांनी काढलेली आहेत, हे एस. परमशिवन यांच्या १९३० नंतरच्या दशकातील रासायनिक परीक्षणाने दाखविले. असा थर नाजुक असल्याने लाख काढताना खालचा रंगही निघण्याची भीती असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने, विशेषतः दहाव्या लेण्यात, हे आवरण काळजीपूर्वक उतरविण्याचे काम हाती घेतले.

१९९० नंतरच्या दशकात जर्मनीत सायक्लोडोडेकेन या मेणासारख्या पदार्थाचा जतनकार्यात उपयोग सुरू झाला. नाजुक पृष्ठभागास तो तात्पुरता आधार देतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत संप्लवनाने नाहीसा होतो. चेक्कोनी यांचा हेतू रक्षणाचाच होता; परंतु त्यांच्या हाती असलेले द्रव्य मागे राहणारे होते. म्हणून कोणताही लेप निवडताना तो आज काय धरून ठेवतो याबरोबरच उद्या तो कसा निघून जाईल, याचाही विचार जतनशास्त्रात अनिवार्य ठरतो.