मेणाचं पितळ

माझ्या टेबलावर सध्या एक चिलखती आगगाडी उभी राहते आहे. दुसऱ्या महायुद्धातली, जर्मन, 'बी. पी. ४२' बनावटीची. इंजिन मधोमध, दोन्ही अंगांना तोफांचे आणि सैनिकांचे डबे, टोकाला रणगाडा वाहणारे सपाट डबे. प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्या दहा मीटरचे इथे साडेअकरा सेंटिमीटर. या गाड्यांवर पोलंडकडून काबीज केलेल्या १० सेंटिमीटरच्या तोफा बसवल्या होत्या. ही माहिती मिळते कारण कुणीतरी ती जपून ठेवली. वोल्फगांग सावोद्नी यांनी १९०४ ते १९४५ या काळातल्या जर्मन चिलखती गाड्यांचा इतिहास लिहून काढला, फोटो जमवले, आराखडे छापले. आदिलाबादेत बसून मी गाडी जुळवू शकतो ती अशा माणसांच्या जिवावर.

या गाडीवर एक पितळी कंदील आहे. मसुरीच्या डाळीएवढा. भिंगाखाली धरला की काचेभोवतालची कडसुद्धा दिसते. इतकी बारीक वस्तू कानशीने घासून होत नाही, ठोकूनही होत नाही. ती ओतावी लागते, आणि ओतण्याआधी ती मेणाची असावी लागते. मेणाची वस्तू करायची, तिच्यावर मातीसारखं काही लिंपायचं, तापवून मेण घालवायचं आणि मेणाच्या रिकाम्या जागेत धातू भरायचा. हे कळलं तेव्हा मी कंदील खाली ठेवला. कारण हेच काम मी आमच्याच भागात, ओझांच्या अंगणात, लहानपणापासून पाहत आलो होतो.

ओझा हे गोंडांचे धातुकार. उशेगाव आणि केसलागुडा ही त्यांची नावाजलेली गावं. २०१६ साली जिल्हे फुटले आणि ती कुमुरंभीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली, पण मेणावरून ओतण्याच्या या कामाला नाव आजही 'आदिलाबाद डोकरा' असंच आहे. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही याच नावाने. गोंडांचे देव, घंटा, दिवे, दागिने, मोर, घोडे, हत्ती हे सगळं या हातांतून येतं.

काम बघायला बसलं की वेळ कुठे जातो कळत नाही. आधी पोटातली माती: शेण घालून मळलेली, घोड्याच्या ढोबळ आकाराची, नीट वाळवलेली. मग मेण. आपल्याकडे शेव पाडायला सोऱ्या असतो ना, तसल्याच दाबयंत्रातून मेणाची लांबच लांब तार काढतात. ती तार मातीच्या अंगावर शेजारी शेजारी गुंडाळत जायची, मध्ये फट राहू द्यायची नाही. बोटाच्या उबेने मेण मऊ होतं आणि तार तारेला धरते. डोळा म्हणजे मेणाची गोळी, आयाळ म्हणजे पिळलेली तार, खोगीर म्हणजे आडव्यातिडव्या तारांची वीण. घोडा इथे पुरा होतो, आणि तो अख्खा मेणाचा असतो. त्यावर चाळलेल्या मऊ मातीचा पातळ हात, तो सुकला की भुसा घातलेल्या जाड मातीचा. मेणाला बाहेर पडायला आणि पितळेला आत शिरायला वाट ठेवायची. भट्टीत मेण वितळून, जळून जातं. मोडीचं पितळ, म्हणजे कुणाच्या तरी घरातले फुटके तांबे-पराती, वितळवून त्या पोकळीत ओततात. निवल्यावर वरची माती फोडायची.

तारांच्या रेघा पितळेत तशाच उतरतात. ओझांच्या घोड्यावरून बोट फिरवा, मेणाची तार न् तार हाताला लागते.

या रीतीची कुळी फार मागे जाते. मोहेंजोदडोची नर्तकी, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची, याच पद्धतीने ओतलेली आहे. तिचं वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. आपल्या महाराष्ट्रातली साक्ष आहे दायमाबादची. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यात (आताचं अहिल्यानगर) छबू लक्ष्मण भिल्ल यांना झुडपाचं मूळ खणताना चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, गेंडा, रेडा आणि हत्ती. सगळ्यांचं वजन मिळून साठ किलोच्या वर. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. पण मला, आगगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्या माणसाला, त्यांतली एक गोष्ट सोडत नाही: त्यांना चाकं आहेत. हत्तीची चाकं हरवली, पण पायाखालच्या पाटाला आसाची भोकं आहेत. खऱ्या रथाकडे बघून कुणीतरी हातभर लांबीचा रथ केला, हाकणारा माणूस उभा केला, बैल जुंपले. प्रतिकृती म्हणतात ती हीच.

मग ही रीत पोथीत आली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, याने इ.स. ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. मराठी वाचकाला हा ग्रंथ खाण्यापिण्याच्या वर्णनांसाठी ठाऊक असतो. त्यात मेणावरून मूर्ती ओतण्याची कृतीही आहे. माती कशी मळायची तर जळलेल्या भुशाची राख, बारीक कातरलेला कापूस आणि थोडं मीठ घालून, गुळगुळीत दगडावर वाटून. लेप तीन: पहिला पातळ आणि सावलीत सुकवलेला, शेवटचा जाड. आणि सगळ्यात सुंदर भाग, धातू किती लागेल त्याचा हिशोब: मेणाची मूर्ती तोलायची, तांब्या-पितळेसाठी त्याच्या आठ ते दहा पट, चांदीसाठी बारा पट, सोन्यासाठी सोळा पट. आजच्या मोजमापाने पितळ मेणाच्या नऊपट भरतं. तराजू आणि अनुभव यांखेरीज हाताशी काही नसताना काढलेला हा आकडा आहे.

शिल्पशास्त्रात मेणाला 'मधूच्छिष्ट' असा शब्द आहे. मधाचं उष्टं. आपला 'मेण' शब्द मात्र दुसऱ्या घरचा: संस्कृत 'मदन', प्राकृत 'मयण', मराठी 'मेण'.

तिकडे कारखान्यांच्या जगात ही रीत मोठी झाली ती दातांमुळे. १९०७ साली शिकागोच्या विल्यम टॅगर्ट या दंतवैद्याने किडक्या दातातल्या पोकळीचा मेणाचा ठसा घेऊन त्यावरून सोनं ओतून दाखवलं. दाताला केसाएवढी फट चालत नाही, त्यामुळे मातीच्या जागी आलेलं मिश्रण, उष्णता, धातूचं आक्रसणं यांचा बारीक अभ्यास झाला. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांना प्रचंड उष्णता सोसणारी पाती हवी होती. तो धातू इतका कठीण की कापता येत नव्हता. तेव्हा दातांचं काम करणाऱ्यांचीच पद्धत तिथे नेली आणि पाती ओतली. ती दागिन्यांतही आली आणि तिथून माझ्या कंदिलापर्यंत.

पण वाटेत एक बदल झाला, आणि मला जे सांगायचं आहे ते तिथे आहे. कारखान्यात एक मूळ नमुना असतो. पितळ निवताना शेकडा दीडएक भाग आक्रसतं म्हणून तो किंचित मोठा करतात. त्याचा रबरी साचा घेतात आणि साच्यात एकामागून एक मेणाचे कंदील भरतात. हजार ओतले तरी मूळ नमुना कपाटात शाबूत. ओझांकडे मूळ नमुना नसतो. मेण जळतं, माती फुटते. दर घोड्यामागे साचाही जातो आणि नमुनाही. पुढचा घोडा करताना बघायला समोर काहीच नसतं. जे आहे ते तार गुंडाळणाऱ्या बाईच्या बोटांत आणि ओतणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यात.

गोंडांच्या देवांची, कुळांची, विधींची सविस्तर नोंद आपल्याकडे झाली तीही युद्धाच्या योगायोगाने. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मूळ ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ. १९३९ साली युद्ध पेटलं तेव्हा ते भारतात होते आणि पासपोर्ट जर्मन राइशचा. इंग्रज सरकारने त्यांना हैदराबाद संस्थानाबाहेर पडू दिलं नाही. त्या बंधनातच त्यांनी चेंचू, रेड्डी आणि मग आदिलाबादचे राजगोंड या जमातींत राहून काम केलं. राजगोंडांवरचं पुस्तक १९४८ साली आलं. मारलवाई गावात ते राहिले, त्यांच्या पत्नी बेटी यांची समाधी तिथेच आहे. ओझा जे घडवतात ते का घडवतात, हे समजून घेणाऱ्याला आजही त्या पानांकडे जावं लागतं. पण तार किती जाड, घोड्याच्या पोटात माती किती, भट्टीला किती वेळ, हे पुस्तकात शोधायचं नाही. ते अंगणात बसून बघायचं.

ऐंशी वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या गाडीची बिजागरी कशी होती हे मी आज घरबसल्या सांगू शकतो. शेजारच्या गावात गेल्या वर्षी ओतलेला मोर कसा होता हे सांगायला मात्र माझ्याकडे काही नाही. याची मला लाज वाटते, आणि म्हणून गेल्या दिवाळीपासून मी ओझांच्या वस्तूंच्या नोंदींची एक वही घातली आहे.

तुमच्याकडून एवढंच हवं आहे. किनवट, नांदेड, चंद्रपूर, यवतमाळ, कुठल्याही घरात ओझांची पितळी वस्तू असेल तर ती सपाट जागी ठेवा. शेजारी फूटपट्टी उभी करा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून, असे पाच फोटो काढा. वजन करा. कुठून आणली, कोणत्या साली, आणि कळत असेल तर कुणी केली, हे फोटोच्या मागे लिहा. नवी घेत असाल तर घासाघीस करू नका, आणि करणाऱ्याचं नाव विचारल्याशिवाय उठू नका.