ट्रकचा हौदा आणि आतली कडी: चाकांवरच्या घरांची गोष्ट

गेल्या भागात रस्त्यांबद्दल बोललो होतो, आज रस्त्यावरून धावणाऱ्या घरांबद्दल बोलू. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलता बोलता जे शब्द आले ते तसेच ठेवलेत, चालवून घ्या.

आधी एक गोंधळ मिटवू. आपल्या निफाड-सायखेडा पट्ट्यात कुणी 'कॅम्पर घेतला' म्हणालं, की डोळ्यांसमोर येते महिंद्राची बोलेरो कॅम्पर. पुढे चार दारं, मागे आखूड हौदा. घरची माणसं पुढे, कांद्याच्या गोण्या मागे. पण यूट्यूबवर अमेरिका-ऑस्ट्रेलियातले लोक 'फ्लॅटबेड ट्रक कॅम्पर' म्हणतात ते वेगळं. पिकअपचा मागचा हौदा काढून टाकायचा, तिथे सपाट प्लॅटफॉर्म बसवायचा आणि त्यावर एक छोटी खोली ठेवायची. आत पलंग, ओटा, बेसिन, कधी संडास-बाथरूमसुद्धा.

हे व्हिडिओ बघताना मला एकच प्रश्न पडला. मालाच्या गाडीत माणसाने राहायचं ही कल्पना आपल्याकडे नवी थोडीच आहे? महाराष्ट्रात हजारो लोक वर्षातले सात-आठ महिने असेच जगत आलेत. मग त्यांच्या गाडीचा लेआउट आणि या कॅम्परचा लेआउट शेजारी शेजारी ठेवला तर काय दिसेल?

आधी थोडं माप

साध्या पिकअपच्या हौद्यात मागच्या चाकांवरचे दोन उंचवटे आत आलेले असतात. मोठ्या अमेरिकन पिकअपमध्येही त्या दोन उंचवट्यांच्या मधे जेमतेम ४ फूट जागा उरते. त्यामुळे हौद्यात बसवायचा कॅम्पर खाली अरुंद आणि वर रुंद होतो. म्हणजे उभं राहायला बोळ आणि हात पसरायला वर जागा.

फ्लॅटबेडमध्ये पत्र्याचा प्लॅटफॉर्म चाकांच्या वरून जातो. उंचवटे गायब. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत साडेसहा-सात फूट सलग जमीन मिळते. दार मागेच हवं अशी सक्ती राहत नाही, ते बाजूलाही काढता येतं. मग मागची अख्खी भिंत बैठकीला मोकळी होते. पलंग बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या केबिनच्या डोक्यावर जातो आणि प्लॅटफॉर्मखाली चाकांच्या पुढे-मागे सामानाच्या पेट्या लागतात. याची किंमत एकच: जमीन उंच जाते, चढायला पायऱ्या लागतात आणि गाडीचा तोल सांभाळावा लागतो.

ही तीन ठिकाणं लक्षात ठेवा: केबिनच्या वर, हौद्याच्या मधे आणि प्लॅटफॉर्मच्या खाली. कारण आपल्याकडेही माणसं याच तीन जागी झोपली आहेत.

बैलगाडीतून सिनेमा

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड आणि स्टुडिओ नाशिकला हलवला. थिएटर शहरात होती, प्रेक्षक खेड्यात. म्हणून प्रोजेक्टर, पडदा आणि रिळं बैलगाडीत घालून सिनेमा गावोगावी न्यायचा मार्ग निघाला. येताना तिकिटाच्या नाण्यांची पोती त्याच गाडीतून यायची असं सांगतात.

पुढे बैलगाडीची जागा ट्रकने घेतली आणि टुरिंग टॉकीज जन्माला आली. जत्रा जिथे, तंबू तिथे. आता या ट्रकचा हौदा डोळ्यांपुढे आणा. साधारण १७ फूट लांब, ७ फूट रुंद, म्हणजे ११९ चौरस फूट. आजच्या वन-आरकेच्या हॉलएवढा. त्यात प्रोजेक्टर. तो खाली जमिनीवर मांडत नसत, ट्रकमध्येच पक्का बसवत. कारण तंत्राचं आहे. प्रकाशाचा झोत प्रेक्षकांच्या डोक्यावरून जायला उंची हवी, यंत्र हलता कामा नये आणि कार्बनच्या कांड्यांमधून निघणारी आग-उष्णता कापडी तंबूपासून लांब हवी. ट्रक म्हणजे आयती प्रोजेक्टर रूम.

मग रिळं. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे १३,५०० फूट, चार किलोमीटरच्या वर. दोन हजार फुटांची एकेक रीळ धरली तर सात डबे. त्यात जनरेटर, तंबूचं कापड, बांबू, खुंट्या, दोरखंड, पडदा, भोंगे. हे सगळं भरल्यावर उरलेल्या जागेत माणसं.

आमच्या धंद्यात 'स्टॅक' नावाचा प्रकार असतो. जे शेवटी ठेवलं ते आधी निघतं. टॉकीजचा ट्रक तसाच भरावा लागतो. मुक्कामाला पोचल्यावर आधी तंबू उभारायचा, म्हणून तंबूचं कापड शेवटी भरायचं. आणि ते शेवटी भरलं की तेच सगळ्यात वर येतं, तीच प्रवासातली गादी होते. वेगळा पलंग कुणी ठेवलेला नाही, मालाच्या वरच्या थरालाच पलंग म्हणायचं. मुक्कामी तंबूत किंवा ट्रकखालच्या सावलीत आडवं व्हायचं.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा २०१६ चा माहितीपट महाराष्ट्रातल्या याच टॉकीजवाल्यांवर आहे. कान महोत्सवात त्याचं कौतुक झालं. तोवर रिळांचा जमाना संपत आला होता. सिनेमा डिजिटल झाला आणि त्या जड यंत्राने अडवलेली जागा रिकामी झाली. पण जागा रिकामी झाली तेव्हा धंदाही उठत चालला होता.

तमाशाचा ट्रक

टॉकीजचा ट्रक बहुतेक पुरुषांचा होता. तमाशाचा तसा नाही.

तंबूचा मोठा फड म्हणजे शंभराच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त माणसं. नाचणाऱ्या बायका, सोंगाडे, वादक, तंबू ठोकणारे, आचारी, लहान मुलं. दसऱ्याला निघायचं ते चैत्र-वैशाखातल्या जत्रा आटोपेपर्यंत. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथे येऊन सुपाऱ्या देतात. खेळ रात्री. तो आटोपला की तंबू उतरवायचा, ट्रक भरायचे आणि पुढच्या गावचा रस्ता धरायचा. झोप चालत्या गाडीत.

इथे प्रत्येक कलावंताची स्वतःची जागा किती? एक पत्र्याची पेटी. तिच्यात साड्या, घुंगरं, रंग, आरसा, औषधं, मुलाचे कपडे. झाकण उघडलं की मेकअप रूम, बंद केलं की बसायचं स्टूल, ट्रकमध्ये ठेवली की उशाचा कठडा. जागेचा इतका काटकसरी वापर मी कुठल्याही कॅम्परच्या व्हिडिओत बघितलेला नाही.

पण या लेआउटमध्ये एक गोष्ट नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही बाई. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि परत नाचायला आल्या, असं सांगितलं जातं. ही गोष्ट नेहमी कलेवरच्या निष्ठेची म्हणून सांगतात. निष्ठा आहेच. पण लेआउटच्या नजरेने बघा. एवढा मोठा तंबू, एवढा पसारा, आणि बाईला बाळंत व्हायला बंद होणारी खोली नाही. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आहे, फक्त एकटं राहायला जागा नाही.

केबिन मुळात आलीच नव्हती

आता ट्रक चालवणाऱ्याकडे येऊ. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. पण नंतरची कितीतरी वर्षं आपल्याकडे गिऱ्हाईक बरेचदा पूर्ण ट्रक विकत घेत नसे, 'काऊल' घेत असे. म्हणजे चेसिस, इंजिन, पुढचा चेहरा आणि स्टिअरिंग. केबिन नाही, हौदा नाही. डोक्याला फडकं गुंडाळून उघड्यावर बसून ड्रायव्हर ते धूड बॉडी-बिल्डरकडे न्यायचा आणि तिथे सुतार-लोहार मिळून लाकूड-पत्र्याची केबिन बांधायचे.

म्हणजे भारतातल्या ट्रकचं 'इंटिरिअर' कंपनीच्या इंजिनियरने नाही, गल्लीतल्या सुताराने ठरवलं. आणि त्याने काय ठरवलं बघा. ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवी फळी, तीच रात्रीचा पलंग. देवाचा फोटो काचेच्या वर. केबिनच्या टपावर जंगला, त्यात ताडपत्री आणि दोरखंड, आणि उन्हाळ्यात तिथेच किन्नरची पथारी. चेसिसच्या बाजूला पेटी, तिच्यात स्टोव्ह, तवा, पीठ-मीठ. आणि दुपारी गाडीखाली बांधलेली झोळी.

केबिनच्या वर पलंग, प्लॅटफॉर्मखाली स्वयंपाकाची पेटी. ओळखीचं वाटतंय ना? फ्लॅटबेड कॅम्परचा आराखडा आपल्या सुताराने कधीच काढून ठेवला होता. फरक एवढाच, मधला हौदा मालाचा. माणूस कडेकडेने राहायचा.

सायखेड्याच्या बाजारात कांद्याच्या गाड्या भरायला लागतात तेव्हा हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. आत कित्येक क्विंटल कांद्याला हवा लागावी म्हणून काळजी घेतलेली, आणि तो वाहून नेणारा माणूस इंजिनाच्या उष्णतेत. माल सडला तर नुकसान मोजता येतं. झोप सडली तर पावती निघत नाही. मोजायला लागलो तेव्हा कायदा आला: ३.५ टनांच्या वरच्या मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांसाठी. १९५४ ला ट्रक, एसी २०२५ ला. मधे ७१ वर्षं.

आपल्या शेजारचे हौदे

सायखेड्यापासून भाऊसाहेबनगरचा निफाड साखर कारखाना लांब नाही. ऊसतोडीचा हंगाम म्हटलं की कोयत्याची जोडी, म्हणजे नवरा-बायको, सगळा संसार एका ट्रकवर किंवा ट्रॉलीवर घालून यायची. पेटी, धान्याची पोती, भांडी, कोंबड्या, लेकरं. इथे पोचलं की गाडी उसाची, आणि माणसं बांबू-पाचटाच्या कोपीत. वाकून आत जावं लागेल अशी कोपी, दाराच्या जागी फडकं. रात्री उसाने भरलेल्या गाडीवर झोपलेली पोरं आपल्यातल्या अनेकांनी बघितली असतील.

आणि आपण स्वतः? २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी सायखेडा-चांदोरीत शिरली तेव्हा काही तासांसाठी आपलीही घरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आली. अशा वेळी कुणालाही लेआउट शिकवावा लागत नाही. जड खाली, गाद्या वर, म्हातारी माणसं मधे. पाणी ओसरलं की आपण घरी जातो. काहींचा तो हंगाम दर वर्षीचा असतो, एवढाच फरक.

मग कॅम्परमध्ये नवीन काय?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. हळूहळू आपल्याकडेही अशा गाड्या दिसायला लागल्यात. हौसेने घ्या, फिरा, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण 'चाकांवरचं घर ही नवीन जीवनशैली' असं कुणी सांगितलं, तर एकदा साध्या ट्रकच्या मागे जाऊन उभे राहा आणि फाळका बघा.

फाळक्याची कडी बाहेरून असते. साहजिक आहे, माल आतून कडी लावत नाही. टॉकीजचा ट्रक, तमाशाचा ट्रक, उसाची ट्रॉली, सगळ्यांची कडी बाहेर. माणसं आत होती, पण गाडी मालासाठी बनवली होती, आणि त्यांना मालाच्या नियमांनी राहावं लागलं.

सपाट जमीन, वरचा पलंग, खालच्या पेट्या हे सगळं आपल्या लोकांनी आधीच शोधलं होतं, तेही कमी जागेत आणि कमी पैशात. कॅम्परने त्यात दोन गोष्टी घातल्या. हौद्यातला माल उतरवून माणूस मधे आणला. आणि दाराला आतून कडी लावली. बाकी सोलर पॅनल, फ्रिज, एलईडीच्या माळा ही सजावट.

म्हणून गाड्यांची तुलना करताना चौरस फूट आणि पलंगाची लांबी जरूर मोजा. पण तमाशाच्या फडासाठी, ऊसतोड कामगारांसाठी, ट्रक ड्रायव्हरसाठी कुणी सोयीची योजना मांडली, तर पहिला प्रश्न हा विचारा: कडी कुठल्या बाजूला आहे?

तुमच्या घरात कुणी टुरिंग टॉकीजबरोबर, फडाबरोबर किंवा ट्रकवर हिंडलेलं असेल तर त्यांना विचारा, ते नेमके कुठे झोपायचे. वर, मधे की खाली? उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा. जमलं तर पुढच्या एखाद्या भागात त्यांच्याच आवाजात ऐकू. तोवर रात्री हायवेला असाल तर थांबलेल्या ट्रकच्या खाली एकदा बघून मगच हॉर्न वाजवा. कुणीतरी झोपलेलं असतं. भेटू या.