घर, कारखाना आणि स्वतंत्र कारागीर : पालघर-तारापूर परिसरातील कामाच्या जागेचा विचार

स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्या मनुष्याने काम कोठे बसून करावे, स्वतःच्या घरी की अनेकांनी मिळून वापरावयाच्या जागेत, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. तो विचारताना दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, घर आणि सामायिक जागा या परस्परविरुद्ध कोटी होत. दुसरी, या दोहोंतील निवड करणाऱ्याच्या आवडीवर अवलंबून असते. ही गृहीते इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरतात, हे पालघर, बोईसर, तारापूर या टापूतील उदाहरणांवरून पाहावे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. इंग्रजीतील ‘फ्रीलान्स’ हा शब्द रूढ होण्यास स्कॉटच्या १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीचा मोठा हातभार लागला. कोणाही एका सरदाराशी बांधलेला नसून मोल घेऊन आपला भाला चालविणारा योद्धा, हा त्याचा मूळ अर्थ. मराठी भाषेस ही कल्पना अपरिचित नव्हती. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन वर्ग होते. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिरास घोडा सरकारातून मिळे आणि तो घोडा सरकारी पागेत बांधला जाई. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, हा भेद शौर्याचा नव्हे, तर साधनाच्या मालकीचा होता. घोडा कोणाचा आणि त्याच्या दाणावैरणीचा भार कोणावर, या प्रश्नांच्या उत्तरावर माणसाचे स्वातंत्र्य ठरत असे. शिलेदाराचा घोडा पडला तर नुकसान त्याचेच होते, हेही विसरता येत नाही.

दुसरा शब्द ‘कारखाना’ हा होय. आज या शब्दाने धुराडे आणि भोंगा डोळ्यांपुढे येतात. परंतु फारसीतील ‘खाना’ म्हणजे घरच. कारखाना म्हणजे कामाचे घर. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांत जवाहीरखाना, पीलखाना, तोफखाना यांचा समावेश होतो. तेथे कारखाना याचा अर्थ यंत्रांनी भरलेली इमारत असा नसून राज्याच्या कारभाराचे एक खाते असा आहे. घर आणि कामाची जागा यांची फारकत भाषेत उशिरा झाली. जुन्या घरातील ओटी, पडवी आणि मागील दार यांचा उपयोग पाहिला, तर राहणे आणि कमावणे यांत भिंत नव्हती असेच म्हणावे लागते.

आता प्रत्यक्ष प्रदेशाकडे वळू. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. याच जिल्ह्यातील वारली चित्रकला हे आपल्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. लग्नघरी शेणामातीने सारवलेल्या आणि गेरूने रंगविलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने आणि बांबूच्या काडीने लग्नाचा चौक लिहिला जातो. हे काम परंपरेने सवाशिणींचे. चौकात पालघाट देवीची स्थापना होते आणि धवलेरी लग्नाची गाणी गाते. जागा घराचीच, पण काम एकटीचे नव्हे. अनेकींचे हात एका भिंतीवर चालतात आणि चित्राखाली कोणाचेही नाव नसते. तात्पर्य, येथे घर हीच सामायिक जागा होती.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुळकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी हा नवा मार्ग समर्थपणे चोखाळला. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार व २०११ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. २०१८ साली त्यांचे निधन झाले. या स्थित्यंतराचा कलेच्या दृष्टीने पुष्कळ विचार झाला आहे, कामाच्या जागेच्या दृष्टीने मात्र फारसा नाही. कागद आल्यावरही चित्रकार घरीच बसला. परंतु घराचा अर्थ पालटला. चित्र लग्नाच्या मुहूर्तापासून सुटले आणि मागणीच्या मुदतीला बांधले गेले. चित्राला स्वाक्षरी आली, किंमत आली. पूर्वी जे काम स्त्रियांचे होते त्यात पुरुष पुढे आले. म्हणजे घर तेच राहून काम सामायिकाचे वैयक्तिक झाले. यावरून पहिले गृहीत टिकत नाही, हे स्पष्ट होईल.

दुसरे उदाहरण चिंचणी, तारापूर, वरोर, वाणगाव या पट्ट्यातील डाय घडविण्याच्या धंद्याचे. दागिन्यांवर नक्षी उठविण्यासाठी पोलादी ठसा लागतो. ठोकळा कानशीने घासून सपाट करावयाचा, त्यावर नक्षी उलटी व खोलगट कोरावयाची आणि मग त्यावर पत्रा दाबून दागिन्याचा भाग उठवावयाचा, असा हा क्रम. हे काम घरात किंवा घराला लागून असलेल्या लहानशा जागेत चालत आले आहे आणि त्याचे गिऱ्हाईक मुंबईच्या सराफ बाजारात व त्याहूनही दूर असते. कारागीर शिलेदार आहे. हत्यार त्याचे, जागा त्याची. परंतु गावोगावच्या या घरांना बाजार दिसत नाही. नक्षीला कोणता भाव मिळाला, हे गिऱ्हाईक सांगेल तेवढेच कळते. शिवाय संगणकाच्या साहाय्याने चालणारी कोरीव कामाची यंत्रे आल्यापासून घोड्याची किंमतच एवढी वाढली आहे की, एकट्या शिलेदाराला तो पोसणे कठीण व्हावे.

याच परिसरात दुसरी व्यवस्था उभी राहिली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि पुढे बोईसरजवळ तारापूर औद्योगिक वसाहत वसली. तारापूरच्या अणुविद्युत केंद्राचे उत्पादन १९६९ साली सुरू झाले. येथे काम घरापासून पूर्णपणे वेगळे झाले. पाळी, हजेरी आणि फाटक यांनी दिवसाची आखणी होऊ लागली. ही बारगिराची पागा होय. मात्र तिला एक बाजू अशीही आहे की, पागेत कायदा पोचतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने मूळात यंत्रशक्ती असल्यास दहा आणि नसल्यास वीस कामगारांची मर्यादा घातली होती. घरी एकटा बसणारा कारागीर त्या मर्यादेच्या बाहेरच राहिला. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा करून घरी विड्या वळणाऱ्यांना त्यात घ्यावे लागले, ते याच कारणाने. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या करारानेही स्वतःच्या घरी किंवा मालकाच्या जागेव्यतिरिक्त स्वतः पसंत केलेल्या अन्य जागी काम करणाऱ्यास गृहकामगार मानले. परंतु जो खरोखर स्वायत्त व आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहे त्यास वगळले. स्वातंत्र्याची परीक्षा जागेवरून होत नाही, असाच याचा अर्थ.

अलीकडची पिढी संगणकावर काम करते. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली आणि पालघर, बोईसर मुंबईच्या रोजच्या येण्याजाण्याच्या कक्षेत अधिक घट्ट ओढली गेली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तीच गाडी सामान्य प्रवाशांना बंद झाली आणि पुष्कळांना घरातच कचेरी मांडावी लागली. ही निवड नव्हती. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग यांनी सामायिक कामाच्या जागेचा प्रयोग केला, तेव्हा स्वतःच्या कामाचे स्वातंत्र्य आणि सोबतीचे सुख एकत्र साधणे हा त्यांचा हेतू होता. तो योग्यच होता. परंतु दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र मेज नसलेल्या तरुणाला, किंवा घरी बसली म्हणजे रिकामीच आहे असे समजले जाणाऱ्या स्त्रीला, सामायिक जागेची गरज सोबतीहून निराळ्या कारणाने भासते. तिला आपले काम हे काम म्हणून ओळखले जावयास हवे असते.

सारांश, घर की सामायिक जागा हा प्रश्न अपुरा आहे. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावयास हवेत : साधन कोणाचे, जागेचा भार कोणावर आणि भावाचे ज्ञान कोणाकडे. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींना सोबत होती. डाय घडविणाऱ्याला साधन आहे, पण भावाचे ज्ञान नाही. वसाहतीतील कामगाराला कायदा मिळाला, पण साधन नाही. आजच्या स्वतंत्र व्यावसायिकास ‘स्वतंत्र’ म्हणताना तो शिलेदार आहे की स्वतःच्या खर्चाने पागा सांभाळणारा बारगीर, हे आधी पाहिले पाहिजे. या परिसरातील कारागिरांच्या घरांची, त्यांतील कामाच्या कोपऱ्यांची आणि त्या कोपऱ्यांना असलेल्या बोलीतील नावांची पद्धतशीर नोंद आपल्या विद्यार्थ्यांनी हाती घेतली, तर या प्रश्नाचे उत्तर अधिक नेमकेपणाने देता येईल.