सबब, मिरास आणि कचेरी : न्यायव्यवहारातील परक्या शब्दांचा लोकभाषेतील प्रवास

कुंभकोणमपासून जवळच, कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातशेतीच्या प्रदेशात इन्नंबूर नावाचे एक लहान गाव आहे. तेथील शिवाला तमिळमध्ये 'एळुत्तऱिनादर' म्हणजे अक्षर जाणणारा नाथ, आणि संस्कृतात अक्षरपुरीश्वर असे म्हणतात. स्थलकथा अशी की, देवळाचा जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाच्या हिशेबाविषयी चोळ राजाला शंका आली आणि त्याने जाब मागितला. घाबरलेल्या कारकुनाने देवाचा धावा केला. तेव्हा शिवाने स्वतःच त्याचे रूप घेतले, दरबारात हजर होऊन हिशेब मांडला आणि राजाची खात्री पटवली. या श्रद्धेने आजही लहान मुलांना अक्षरारंभासाठी या देवळात आणतात.

ही कथा येथे मराठीत सांगताना जे शब्द सहज आले त्यांकडे पाहावे : जमाखर्च, कारकून, हिशेब, जाब, दरबार, हजर, खात्री. चोळकालीन कथेच्या गाभ्यातील जवळजवळ प्रत्येक व्यवहारवाचक शब्द अरबी-फारसी मुळाचा आहे आणि तो परका आहे याची जाणीव ना सांगणाऱ्याला होते, ना ऐकणाऱ्याला. तमिळ निवेदकाकडे हिशेबासाठी स्वतःचा 'कणक्कु' आहे. मात्र तोच निवेदक कथेतून बाहेर येऊन तालुक्याच्या कामाविषयी बोलू लागला की 'वसूल', 'बाक्की', 'जप्ती', 'जामीन', 'वक्कील' हे शब्द त्याच्याही तोंडी येतात. न्याय आणि महसूल यांची परकी परिभाषा सामान्य माणसाच्या बोलण्यात कशी उतरते, उतरताना तिचा अर्थ कसा पालटतो आणि या पालटातून समाजाविषयी काय कळते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तुलनेसाठी प्रथम इंग्रजीचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील न्यायालयांचे अभिलेख शतकानुशतके लॅटिनमध्ये लिहिले जात. संसदेच्या कायद्याने १७३३ पासून तेथे इंग्रजी सक्तीची झाली. भाषा गेली, पण शब्द राहिले. 'बोना फिडे', 'स्टेटस को', 'अ‍ॅड हॉक', 'अ‍ॅफिडेव्हिट', 'अ‍ॅलिबाय' हे शब्द लॅटिनचे एक अक्षरही न शिकलेला इंग्रज वापरतो. त्यांतील दोन शब्द आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. 'अ‍ॅलिबाय' हे मुळात 'अन्यत्र' या अर्थाचे क्रियाविशेषण. गुन्ह्याच्या वेळी आरोपी अन्यत्र होता, हा बचाव म्हणजे अ‍ॅलिबाय. विसाव्या शतकातील बोलीत त्याचा अर्थ केवळ 'निमित्त' किंवा 'पळवाट' असा झाला. दुसरा शब्द 'अ‍ॅफिडेव्हिट'. 'त्याने शपथेवर सांगितले आहे' असे हे मध्ययुगीन लॅटिनमधील पूर्ण क्रियापद. इंग्रजीने त्याचे व्याकरण विसरून त्याला नाम केले आणि ते एका कागदाचे नाव झाले.

मराठीत या दोन्ही प्रक्रियांची अगदी समांतर उदाहरणे सापडतात. 'सबब' हा अरबी शब्द, अर्थ 'कारण'. जुन्या पत्रांत आणि आजच्या सरकारी आदेशांतही तो 'म्हणून', 'या कारणास्तव' अशा गंभीर अर्थाने येतो. घरात मात्र 'सबबी सांगू नकोस' असे आई मुलाला म्हणते, तेव्हा सबब म्हणजे खोटे कारण. कायद्यापुढे जे कारण म्हणून मांडले गेले, ते ऐकणाऱ्या समाजाने बहाणा म्हणून ऐकले. अ‍ॅलिबायचेही हेच झाले. दोन भाषांनी एकमेकींची नक्कल केलेली नाही. न्यायालयात दिल्या जाणाऱ्या कारणांविषयीचा लोकांचा अविश्वास मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. तसेच 'दरखास्त'. फारसीत ते 'मागितले' अशा अर्थाचे भूतकालवाचक रूप. मराठी न्यायव्यवहारात हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जाला दरखास्त म्हणतात. मद्रास इलाख्यात सरकारी पडीक जमीन मिळावी म्हणून केलेल्या अर्जाचे नाव 'दरखास्त' पडले, आणि तमिळमध्ये हा शब्द पुढे तशा जमिनीलाही जोडला गेला. अ‍ॅफिडेव्हिटप्रमाणेच येथेही क्रियापदाचा कागद झाला आहे.

मराठीतील फारसीचा इतिहास लिहिताना राजव्यवहारकोशाचा उल्लेख अपरिहार्य असतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने, रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली, दहा वर्गांत रचलेल्या या कोशाने राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. हे हणमंते आधी कर्नाटकात एकोजीराजांच्या कारभारात होते आणि तेथून महाराजांकडे आले, ही गोष्ट आपल्या विषयाच्या संदर्भात लक्षणीय आहे. फारसी परिभाषा मराठी सत्तेबरोबर दक्षिणेत कशी उतरते हे त्यांनी जवळून पाहिले होते. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतील शब्दांची मोजणी करून १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४.४, तर १७२८ च्या पत्रात ९३.७ असल्याचे दाखवले. या आकड्यांवरून फारसी मराठीतून हद्दपार झाली असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण आकडेवारी ज्याविषयी मौन पाळते तेच अधिक महत्त्वाचे आहे. पत्रातील शिष्टाचाराचे, अलंकरणाचे शब्द गेले. फिर्याद, जामीन, जप्ती, वसूल, दस्तऐवज, कैफियत, हक्क, कायदा हे शब्द राहिले. १९२५ मध्ये माधवराव पटवर्धनांनी फार्सी-मराठी कोश सिद्ध केला, तेव्हा त्यांच्यासमोर असलेले बरेचसे शब्द परके म्हणून ओळखूही येत नव्हते. जे शब्द केवळ दरबारात ऐकू येत होते ते दरबाराबरोबर गेले. ज्या शब्दांवर शेतकऱ्याची जमीन आणि जामिनकी अवलंबून होती ते टिकले.

तंजावरच्या मराठ्यांचे राज्य एकोजीराजांपासून, म्हणजे १६७६ च्या सुमारास सुरू झाले. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांकडे किल्ल्यापुरती सत्ता उरली आणि १८५५ मध्ये राज्य संपले. या काळात राज्याचे पाच सुभे होते आणि त्यांत कुंभकोणम हा एक होता. दरबाराचे कागद मराठी भाषेत, मोडी लिपीत लिहिले जात. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद आणि १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात कोरलेले भोसले वंशचरित्र ही या परंपरेची सर्वज्ञात साधने आहेत. कंपनी सरकारच्या कचेऱ्यांतही मराठी भाषक कारकून व शिरस्तेदार दीर्घकाळ होते. कुंभकोणममध्ये १८२८ साली जन्मलेले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा येथे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे या कारभारी वर्गाचेच पुढचे रूप.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तमिळमधील प्रत्येक फारसी शब्द मराठ्यांनी नेला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अर्काटच्या नवाबाचा कारभार फारसीत होता आणि १७७३ ते १७७६ या काळात खुद्द तंजावर त्याच्या ताब्यात होते. त्यानंतर कंपनीची परिभाषा आली. शब्दांच्या वाटा एकमेकींत मिसळल्या आहेत. म्हणून 'कोणी दिला' या प्रश्नापेक्षा 'लोकांनी त्याचे काय केले' हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

'तक्रार' घ्या. अरबीत तिचा अर्थ 'पुनरावृत्ती'. जुन्या मराठीत तोच शब्द वादविवादासाठी आला आणि आजच्या मराठीत गाऱ्हाण्यावर स्थिरावला. तमिळ 'तगराऱु' म्हणजे मात्र भांडण, क्वचित हातघाईचेही. एका भाषेने अर्जदाराकडे पाहिले, दुसरीने चावडीसमोरच्या गर्दीकडे. 'रुजू' मराठीत कामावर हजर होण्यासाठी वापरतात, आणि 'रुजुवात' म्हणजे पडताळा. तमिळमध्ये 'रुजु' हा पुरावा झाला. 'राजीनामा' हा मूळचा संमतिपत्राचा शब्द. मुंबई इलाख्यात शेतकरी जमिनीवरचा ताबा सोडताना राजीनामा देई आणि नवा खातेदार कबुलायत लिहून देई. जमीन सोडण्याचा कागद पुढे पद सोडण्याचा झाला. तमिळमध्येही 'राजिनामा' पद सोडण्याचाच, पण त्याचे पूर्वपद 'राजि' मूळ अर्थ सांभाळून आहे : दोन पक्षांत 'राजि' होते म्हणजे समेट होतो. मराठीने जो अर्थ हरवला तो तमिळने अर्ध्या शब्दात जपला.

सर्वांत विलक्षण प्रवास 'कचेरी'चा. मराठीत ती सरकारी कामाची जागा. तमिळमध्येही तोच अर्थ होता. चेन्नईतील मैलापूरचा कचेरी रोड त्याची साक्ष देतो. परंतु आज तमिळ रसिकाला 'कच्चेरि' म्हटले की कर्नाटक संगीताची मैफल आठवते. ज्या भूमीत त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामाशास्त्री झाले त्या भूमीत, जमून ऐकण्याच्या जागेचे नाव अखेर गाण्याकडे गेले. न्यायव्यवहाराच्या शब्दाला इतके सुखाचे निवृत्तिजीवन इंग्रजीतील कोणत्याही लॅटिन शब्दाला लाभल्याचे दिसत नाही.

सर्वच शब्दांचे असे झाले नाही. 'मिरास' हा अरबी शब्द वारशाचा. महाराष्ट्रात मिरासदार म्हणजे वंशपरंपरागत हक्काने जमीन कसणारा, 'उपरी' कुळाहून स्थिर असा शेतकरी. तमिळ प्रदेशात 'काणियाट्चि' या जुन्या हक्काला मिरास हे नाव मिळाले. हा हक्क नेमका काय आहे हे ठरवण्यासाठी एलिस या मद्रासच्या अधिकाऱ्याला १८१८ मध्ये सतरा प्रश्नांची उत्तरे लिहावी लागली. तंजावरच्या सुपीक खोऱ्यात मिरासदार हा हळूहळू स्वतः न कसणारा, दुसऱ्यांच्या श्रमांवर शेती करणारा जमीनदार झाला. शेतावर राबणारा तो 'पण्णैयाळ्'. १९५२ चा तंजावर कूळ व पण्णैयाळ् संरक्षण कायदा या दुसऱ्या वर्गासाठी करावा लागला. २५ डिसेंबर १९६८ रोजी, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळ्वेण्मणि येथे, मजुरीच्या प्रश्नावरून जमीनमालकांशी चाललेल्या संघर्षात चव्वेचाळीस दलित माणसे, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, एका झोपडीत जाळली गेली. त्या भागातील मजुराच्या तोंडी 'मिरासुदार' या शब्दाला जो भार आहे तो कोणत्याही कोशात नोंदवलेला नसतो. वारसा सांगणारा शब्द, ज्यांना वारशाने काहीच मिळाले नाही त्यांच्या भाषेत 'धनी' या अर्थाने गेला. मराठीने हा शब्द वेगळ्या मार्गाने नेला, तरी दंश तोच आहे. 'ही काही कोणाची मिरासदारी नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा मिरास म्हणजे अन्यायाने बळकावलेली मक्तेदारी असते. हक्काच्या शब्दाला निषेधाचा अर्थ देण्याचे काम येथे हक्क नसलेल्यांनी केले आहे.

या दृष्टीने आजच्या परिभाषेकडे पाहता येईल. आपल्या संविधानाच्या बत्तिसाव्या आणि दोनशे सव्विसाव्या अनुच्छेदांत 'हेबियस कॉर्पस'सह लॅटिन प्राधिलेखांची नावे कायम आहेत. खुद्द इंग्लंडने १९९९ च्या दिवाणी कार्यपद्धतीत पक्षकाराला समजावे म्हणून 'सबपीना'सारखे शब्द काढून साधे इंग्रजी शब्द घातले. मराठीने हेबियस कॉर्पससाठी 'बंदीप्रत्यक्षीकरण' हा शब्द घडवला. तो शुद्ध आहे, अर्थवाहीही आहे. पण ज्याच्या घरचा माणूस रात्री उचलून नेला गेला आहे त्याच्या तोंडी तो येत नाही. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, अनेक मराठी घरांना हेबियस कॉर्पस हा लॅटिन शब्दच पाठ झाला, कारण त्यांना त्याची गरज होती. तमिळने याच ठिकाणी 'आट्कोणर्वु मनु' असा शब्द केला : आळ् म्हणजे माणूस, कोणर्वु म्हणजे घेऊन येणे, मनु म्हणजे अर्ज. माणूस आणून दाखवण्याचा अर्ज. वर्तमानपत्रांतून तो सर्वत्र रुळला आहे आणि वाचणाऱ्याला त्याची व्याख्या द्यावी लागत नाही.

तात्पर्य, शब्द स्वकीय की परकी या निकषावर न्यायभाषेची परीक्षा करणे अपुरे आहे. जामीन परका आहे आणि घरोघरी समजतो. बंदीप्रत्यक्षीकरण स्वकीय आहे आणि समजत नाही. आट्कोणर्वु स्वकीय आहे आणि समजतो. राजव्यवहारकोशाची मर्यादा त्याच्या संस्कृतप्रेमात नव्हती. कोश राजाच्या बाजूने लिहिला गेला होता आणि शब्द रयतेच्या बाजूने ठरतात, ही ती मर्यादा होती. इन्नंबूरच्या कथेत हिशेब मागणाऱ्या राजाची भाषा भ्यालेल्या कारकुनाला बोलता आली नाही, म्हणून देवाला त्याच्या जागी उभे राहावे लागले. न्यायव्यवहाराच्या भाषेचा विचार करणाऱ्या अभ्यासकाने आणि कोशकाराने या कथेतून एवढे घ्यावे, की ज्याच्याकडे जाब मागितला जातो त्याला उत्तर स्वतःच्या शब्दांत देता आले पाहिजे. ते शब्द लॅटिनमधून आले, फारसीतून आले की काणियाट्चीच्या काळापासून चालत आले, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.