दोन पाइपांची गोष्ट

मागच्या शनिवारी अंबडला काकांकडे गेलो होतो. अंगणात त्यांची जुनी ४०७ उभी. मोसंबी घेऊन जालन्याच्या मार्केटला जाताना ब्रेकचं पॅडल हळूहळू खाली जायला लागलं होतं. बाहेर कुठे तेलाचा थेंब नाही, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या आतले रबर गेले. नवीन सिलिंडर आणला होता, पाइप जोडायचे काम मी घेतलं. इंजिनिअर ना आपण!

नट लावला, थेट पाना घातला... आणि काका ओरडले, "अरे थांब! आधी हातानं फिरव!" नट तिरका बसला होता. अजून अर्धा फेरा, की आटे गेले असते.

तर सांगायचा मुद्दा, या पाइपांचा इतिहास मोठा मजेदार आहे. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने १७व्या शतकात मांडलं. त्याचा ग्रंथ आला १६६३ मध्ये, तो वारल्यावर. गाडीच्या ब्रेकमध्ये ते आणलं माल्कम लॉकहीडने. विमानवाल्या लॉकहीडचा हा भाऊ. १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक होते. पण सुरुवातीचे सील गळायचे. १९२४ च्या क्रायस्लरमध्ये रबरी सील आले आणि हे ब्रेक सामान्य गाडीतही चालायला लागले.

तरी एक गोची उरली. चारही चाकांना एकच लाइन. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर! उपाय म्हणजे एकाच नळीत दोन पिस्टन, पुढच्या आणि मागच्या चाकांची लाइन वेगळी. एक गेली तरी दुसरी थोडी तरी गाडी धरते. अमेरिकेत १९६८ पासून कारला असे दोन भाग असणं सक्तीचं झालं. ४०७ बाजारात आली १९८६ मध्ये, म्हणजे जालना जिल्हा झाल्यावर (१ मे १९८१) पाच वर्षांनी.

काकांच्या सिलिंडरलाही दोन पाइप. काकांनी जुना काढतानाच पुढच्या पाइपाला दोरा बांधून ठेवला होता. मग सिलिंडरचे बोल्ट ढिले ठेवले, दोन्ही नट बोटांनी चार-पाच फेरे फिरवले, बोल्ट आवळले आणि शेवटी पाना. नंतर सर्वात लांबच्या चाकापासून एअर काढली. कारण तेल दबत नाही, हवा दबते. बुडबुडा राहिला की पॅडल स्पंजसारखं.

रविवारी काका मोसंबी भरून निघाले. मी शेजारी बसलो होतो. उतारावर त्यांनी पॅडल दाबलं, कडक लागलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बसलं बरं का."

ऑफिसात आपण बॅकअप घेतो तेव्हा डेटा वाचतो. इथे काका वाचतात.

असो. भेटू पुढच्या वीकेंडला.