विजेची शिदोरी

प्रवासास निघतांना पाण्याचा तांब्या, भाकरीची शिदोरी आणि रात्रीची वाट असल्यास हातीं कंदील घेण्याची आपल्याकडील चाल फार जुनी आहे. अलीकडे या सामानांत एका नव्या जिनसेची भर पडली आहे. मोबाईल टेलिफोनची वीज वाटेंत संपूं नये म्हणून तळहाताएवढी एक चपटी पेटी लोक पिशवींत टाकतात. तिला पॉवर बँक म्हणतात. वस्तु नवी खरी, पण तिच्यामागील प्रश्न जुनाच आहे. उपकरण आपल्या हातीं आहे, त्याला चालविणारी शक्ति मात्र दुसरीकडून यावयाची आहे. ती किती बरोबर नेतां येईल, आणि सरल्यावर पुन्हां कोठून भरून घ्यावयाची? वर्धा जिल्ह्यांत हा प्रश्न सुमारें नव्वद वर्षांपूर्वीं मोठ्या गांभीर्यानें विचारला गेला. तेव्हां तो विजेच्या पेटीविषयीं नव्हता. साध्या कंदिलाविषयीं होता.

१९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं वर्ध्यांतील आपली बाग संघाच्या स्वाधीन केली आणि मगनलाल गांधी यांच्या नांवावरून तिला मगनवाडी म्हणूं लागले. संघाचे चिटणीस अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे होते. १९३६ सालीं गांधीजी जवळच्या शेगांवीं राहावयास गेले. त्याच गांवाला १९४० मध्यें सेवाग्राम हें नांव मिळालें.

त्या काळीं खेड्यांतील रात्रीचा उजेड म्हणजे रॉकेलची चिमणी किंवा कंदील. कंदिलाची टांकी ही त्याची शिदोरीच होय. पण ती भरणारें तेल गांवांत पिकत नसे. तें परक्या खाणींतून आणि परक्या कंपन्यांच्या हातून येई. म्हणून मगनवाडींत वनस्पतिजन्य तेलावर जळणारा दिवा सिद्ध करण्यांत आला. त्याचें नांव ‘मगनदीप’. असें तेल रॉकेलपेक्षां दाट असतें व वातींतून सहज वर चढत नाहीं. तें ज्योतीपर्यंत पोंचविणें हीच अशा दिव्याच्या रचनेंतील मुख्य अडचण. तेल काढण्यासाठीं झवेरभाई पटेल यांनीं बैलाच्या घाण्यांत सुधारणा केली आणि तो ‘वर्धा घाणी’ या नांवानें ओळखला जाऊं लागला. दिवा गांवचा आणि तेलहि गांवचें, असा हा विचार होता.

हा केवळ हट्ट होता काय? १९४२ सालीं जपाननें ब्रह्मदेश घेतला आणि तेथून हिंदुस्थानांत येणारें खनिज तेल एकाएकीं तुटलें. रॉकेलची टंचाई घरोघर जाणवली. कंदील शाबूत होते, वाती होत्या. टांक्या मात्र कोरड्या पडल्या. त्याच युद्धकाळांत जबलपूरच्या तुरुंगांत असतां कुमारप्पांनीं ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. तो १९४५ मध्यें प्रसिद्ध झाला. कोळसा, खनिज तेल, धातु यांचे सांठे ठराविक असतात, ते वापरानें संपतात. उलट वाहतें पाणी आणि वाढतें वन यांचा प्रवाह अखंड चालूं राहतो, असा भेद त्यांनीं त्यांत केला आहे. सांठा आणि प्रवाह यांचा हा भेद हाच आपला मापदंड. विजेच्या शिदोरीचा इतिहास आपण त्यालाच लावून पाहूं.

विजेचा पहिला टिकाऊ प्रवाह इटलींतील व्होल्टा यानें १८०० सालीं जस्त व तांबें यांच्या चकत्या मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या पुठ्ठ्यांसह एकावर एक रचून मिळविला. १८५९ त फ्रान्समधील प्लांते यानें शिशाचा विद्युत्घट केला. तो रिकामा झाल्यावर पुन्हां भरतां येई. १८८६ त जर्मनींतील गासनर यानें ओल्या द्रवाचें लुकण करून कोरडा घट बनविला आणि हातबत्तीचा मार्ग मोकळा झाला. एक पुन्हां भरतां येई पण जड. दुसरा सुटसुटीत पण एकदां सरला कीं टाकून द्यावयाचा. पुढील इतिहास या दोहोंच्या ओढाताणीचा आहे.

ही ओढाताण रेडिओनें घरांत आणली. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. वर्धा तेथून सुमारें ७५ किलोमीटर. परंतु ज्या गांवीं विजेच्या तारा पोंचल्या नव्हत्या, तेथें आवाज ऐकावयाचा तर बॅटरीवर चालणारा संच हवा. त्याच्या नळ्यांतील तारा तापविण्यासाठीं दोन व्होल्टचा शिशाचा घट, आणि नव्वद किंवा अधिक व्होल्टची एक मोठी कोरडी बॅटरी लागे. शिशाचा घट आम्ल सांडूं न देतां शहरांतील दुकानीं भरण्यासाठीं न्यावा लागे, आणि तो परत येईपर्यंत संच मुका राही. म्हणजे उपकरणाला बाहेरून जोडावयाची शिदोरी ही आजची कल्पना नव्हे. बॅटरीचा रेडिओ तिच्यावरच जगे.

या त्रासांतून सुटका मोठी बॅटरी मिळाल्यानें झाली नाहीं. उपकरणाची भूक कमी झाल्यानें झाली. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्याला तापवावयाची तार नको, त्यामुळें वीज फारच थोडी लागे. हातबत्तीच्या दोन-चार घटांवर रेडिओ दिवसेंदिवस बोलूं लागला आणि बाहेरची शिदोरी संचाच्या पोटांत गेली.

मोबाईल टेलिफोननें ती पुन्हां बाहेर काढली. १९९१ सालीं सोनी कंपनीनें लिथियम-आयन घट बाजारांत आणला. तो हलका आणि पुन्हां भरतां येणारा. त्याचा पाया घालणारे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण टेलिफोनचा पडदा मोठा झाला, कामें वाढलीं, आणि भूक शिदोरीच्या पुढें धांवूं लागली.

येथें थोडा हिशेब केला पाहिजे. पेटीवर १०,००० मिलिअँपिअर-तास असा आंकडा असतो, तो आंतील घटाच्या ३·७ व्होल्टचा. म्हणजे शक्ति ३७ वॉट-तास. वीज बाहेर येतांना तिचा दाब ५ व्होल्ट करावा लागतो, तेव्हां तोच आंकडा फार तर ७,४०० भरतो. शिवाय कांहीं वीज उष्णतेंत जाते. म्हणून ५,००० चा टेलिफोन या पेटीनें दोनदां नव्हे, सुमारें दीड वेळां भरतो. पडद्याचा उजेड कमी ठेवणें हा शिदोरी वाढविण्याचा फुकटचा उपाय आहे. संदेशलहरी क्षीण असलेल्या जागीं टेलिफोन अधिक जोरानें प्रक्षेपण करतो व लवकर रिता होतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. लिथियमच्या घटाला उष्णता मानवत नाहीं. वर्ध्याचा उन्हाळा पारा ४५ अंशांपलीकडे नेतो. तेव्हां ही पेटी उन्हांत किंवा बंद मोटारींत ठेवूं नये, आणि बराच काळ वापरावयाची नसल्यास अर्धी भरून ठेवावी.

आतां आपला मापदंड लावूं. पॉवर बँक वीज निर्माण करीत नाहीं. ती केवळ वेळ लांबविते. भारनियमनाच्या काळांत भिंतीवरील खटक्याला वीज नसली, तर भरलेली पेटीहि एक-दोन दिवसांत कंदिलाच्या कोरड्या टांकीसारखीच होते. तीच पेटी दहा वॉटच्या सौर पत्र्यावर स्वच्छ उन्हांत सुमारें सहा तासांत भरतां येते, आणि ऊन हा वर्ध्यांत तुटवड्याचा जिन्नस नाहीं. तेवढ्यापुरतें मगनवाडीच्या प्रश्नाला आज उत्तर आहे. मात्र उत्तर अर्धेंच. कारण ऊन प्रवाह असला तरी घटांतील लिथियम व कोबाल्ट हे खाणींतले सांठे आहेत, आणि ते गांवच्या घाण्यांत पिळून निघत नाहींत. म्हणून पेटी विकत घेतांना तिच्यावरील आंकडा वाचावा. पण ती किती वर्षें टिकेल, कोठून भरेल आणि निकामी झाल्यावर कोणाच्या हवालीं करावयाची, हेंहि दुकानदाराला विचारावें.